बहुरूपी २५६: असेंब्ली आणि सी यांच्यातला अ‍ॅरेच्या आकाराचा घोळ कसा निस्तरायचा

लिनक्स ०.११ मध्ये स्वतःचा एक सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, काम मागण्याचा ठराविक मार्ग) घालून बघा. डिसेंबर १९९१ची ही आवृत्ती अजून अभ्यासाला घेतली जाते, कारण ती एका माणसाला पूर्ण वाचता येते. तुम्ही ‘सिस.एच’ उघडता, ‘सिस_कॉल_टेबल’च्या शेवटी आपल्या फंक्शनचं नाव जोडता, ‘युनिस्टड.एच’मध्ये त्याला ७२ हा क्रमांक देता. कर्नल बिनतक्रार बांधलं जातं, बूटही होतं. मग चाचणीचा प्रोग्राम चालवता आणि उत्तर येतं उणे एक, आणि एररनो (त्रुटीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) १. एररनो १ म्हणजे ‘ईपर्म’, परवानगी नाही. झालं! पुढचा तास तुम्ही परवानग्या शोधत बसता. मीही बसलो होतो.

परवानगीचा इथे काहीच संबंध नाही. ‘सिस्टम_कॉल.एस’ या असेंब्ली फाइलमध्ये ‘एनआर_सिस्टम_कॉल्स = ७२’ अशी एक ओळ आहे. कॉलचा क्रमांक ७१पेक्षा मोठा असेल, तर असेंब्ली तक्त्याकडे न बघताच उणे एक परत करते. लायब्ररीतला मॅक्रो त्या उणे एकाचं चिन्ह बदलून ते एररनोमध्ये ठेवतो आणि योगायोगाने १ म्हणजे ईपर्म. सी म्हणते तक्त्यात ७३ नोंदी आहेत, असेंब्ली म्हणते ७२. दोघीही आपापल्या जागी ठाम, आणि वाद मिटवायला मध्ये कोणी नाही.

हा लेख अशा वादांबद्दल आहे. उदाहरणं मुख्यतः लिनक्स ०.११ची घेतली आहेत, कारण तिथे हा घोळ उघड्यावर दिसतो. काही एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टममधली आणि काही आजच्या लिनक्समधली आहेत. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत सापडतील. जुन्या मूळ कोडमध्ये सी भाषेतल्या नावांना असेंब्लीत सुरुवातीला एक अधोरेषा लागते, नव्या कंपायलरसाठी सुधारलेल्या प्रतींमध्ये ती काढलेली असते. शोधताना एवढं लक्षात असू द्या.

कोणीच का ओरडत नाही?

सी फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ म्हणून २५६ खणांचा अ‍ॅरे जाहीर केला, तर ती माहिती त्या एका फाइलच्या कंपाइलपुरती असते. ऑब्जेक्ट फाइलमध्ये उतरतं ते फक्त नाव: ‘आयडीटी नावाचं काहीतरी मला बाहेरून हवं आहे’. ऑब्जेक्ट फाइलच्या एल्फ फॉरमॅटमध्ये अशा बाहेरून हव्या असलेल्या सिम्बॉलच्या, म्हणजे नावाच्या, आकाराच्या रकान्यात शून्य असतं. जुन्या ए.आउट फॉरमॅटच्या सिम्बॉल टेबलात तर आकाराचा वेगळा रकानाच नव्हता. लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडणारा प्रोग्राम, नावाला नाव जुळवतो, पत्ता भरतो आणि मोकळा होतो. खणांची संख्या, एका खणाची रुंदी, अ‍ॅरे आहे की पॉइंटर, यातलं काही तो विचारत नाही.

दोन सी फाइलींमध्ये असा बेबनाव असेल, तर निदान एकच हेडर दोन्हीकडे जोडून तो टाळता येतो. असेंब्लीत प्रकार ही कल्पनाच नाही. तिला फक्त बाइट कळतात. त्यामुळे जबाबदारी पूर्णपणे तुमच्याकडे येते.

पहिली पायरी: वेशीवरची नावं गोळा करा

दुरुस्तीला हात घालण्याआधी कागदावर एक यादी करा. असेंब्ली फाइलींमध्ये ‘.ग्लोबल’ शोधा, सी फाइली आणि हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ शोधा. जी नावं दोन्हीकडे दिसतात, ती वेशीवरची. लिनक्स ०.११च्या ‘हेड.एस’मध्ये अशी चार आहेत: आयडीटी (इंटरप्टचा तक्ता), जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटचा तक्ता), पीजी_डिर (पेज टेबलांची सूची) आणि टीएमपी_फ्लॉपी_एरिया (फ्लॉपीसाठीची तात्पुरती जागा). उलट बाजूने, म्हणजे सीमध्ये जन्मलेली आणि असेंब्लीत वापरली जाणारी, त्यात सिस_कॉल_टेबल आणि स्टॅक_स्टार्ट येतात.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: जागा कोण राखून ठेवतं, एक खण किती बाइटांचा, आणि खण किती. जागा राखणारा तो मालक. दुरुस्ती करताना मालकाचं ऐकायचं असतं, म्हणून हे आधीच ठरलेलं बरं.

या यादीत न मावणारा एक प्रकार आहे आणि तोच सगळ्यात जास्त छळतो: असेंब्लीने स्ट्रक्चरच्या आत घेतलेली झेप. तिथे नाव सामायिक नसतं, फक्त एक आकडा असतो. त्यासाठी असेंब्ली फाइलींच्या सुरुवातीच्या ‘अमुक = तमुक’ अशा ओळी वेगळ्या वाचाव्या लागतात.

दुसरी पायरी: संख्येचे वेष ओळखा

समजा तुम्हाला लिनक्स ०.११मध्ये जीडीटीचा आकार बदलायचा आहे. हेडरमध्ये ‘डेस्क_टेबल[२५६]’ दिसतं. मग सगळीकडे २५६ शोधलं, बदललं, काम संपलं, असं वाटतं. पण हा २५६ बहुरूपी आहे.

‘हेड.एस’मध्ये आयडीटीसाठी ‘.फिल २५६,८,०’ आहे, ते सापडेल. आयडीटी भरणाऱ्या लूपमध्ये गणकात २५६ टाकला जातो; तेही सापडेल. दोन डिस्क्रिप्टरच्या मर्यादा ‘२५६*८-१’ अशा लिहिल्या आहेत. पण खुद्द जीडीटीच्या जागेवर २५६ नाहीच. तिथे आधी चार नोंदी हाताने लिहिल्या आहेत: रिकामी, कोड, डेटा आणि एक तात्पुरती. त्यांच्यामागे ‘.फिल २५२,८,०’. चार आणि २५२ मिळून २५६. शोधयंत्राला हे कळत नाही, माणसाला कळतं. आणि ‘सेटअप.एस’मध्ये तोच आकडा हेक्सचा वेष घेऊन बसला आहे: हेक्स ८००, म्हणजे २०४८ बाइट, म्हणजे २५६ नोंदी. गंमत म्हणजे ही मर्यादा २०४७ असायला हवी, कारण प्रोसेसरला शेवटच्या वैध बाइटचा क्रमांक हवा असतो, एकूण लांबी नव्हे. शिवाय त्या तात्पुरत्या जीडीटीत नोंदी तीनच आहेत. तरीही चालतं, कारण त्या थोड्या काळात चौथ्या नोंदीला कोणी हात लावत नाही. ‘चालतं’ आणि ‘बरोबर आहे’ यांच्यातलं अंतर पहिल्यांदा इथे समजतं.

याहून कसलेला बहुरूपी त्याच ‘सिस्टम_कॉल.एस’मध्ये आहे: ‘ब्लॉक्ड = (३३*१६)’. हे ३३ कुठून आलं? टास्कच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, स्ट्रक्चरमध्ये सुरुवातीला चार ‘लाँग’ आहेत: स्टेट, काउंटर, प्रायॉरिटी, सिग्नल. ते झाले १६ बाइट. मग ‘सिगअ‍ॅक्शन’चा ३२ खणांचा अ‍ॅरे, प्रत्येक खण १६ बाइटांचा. त्यानंतर ब्लॉक्ड, म्हणजे अडवलेल्या सिग्नलांची नोंद. म्हणजे १६ अधिक ३२ गुणिले १६, अर्थात ३३ गुणिले १६, ५२८. हिशोब सुबक आहे, पण अ‍ॅरेचा ३२ त्यात ३३ होऊन लपला आहे. ‘स्केड.एच’मध्ये या भागावर टिप्पणी आहे की हे आकडे कोडमध्ये पक्के बसवलेले आहेत, हात लावू नका. टिप्पणी प्रामाणिक आहे, पण टिप्पणीने बिल्ड थांबत नाही.

समजा कोणी तो अ‍ॅरे ६४ खणांचा केला. (सिग्नलचा बिटमॅप ३२ बिटांचाच असल्याने एवढ्याने ६४ सिग्नल मिळणार नाहीत, पण नवखा माणूस सुरुवात इथूनच करतो.) सीच्या दृष्टीने ब्लॉक्ड आता १०४०व्या बाइटवर गेलं. असेंब्ली मात्र ५२८वरच वाचत राहते आणि तिथे आता ३३व्या सिग्नलच्या हँडलरचा पत्ता आहे. तो पत्ता बहुधा शून्य असतो. शून्य म्हणजे ‘काहीच अडवलेलं नाही’. त्यामुळे कर्नल चालतं, फक्त अडवलेले सिग्नल अडत नाहीत. आणि ते तपासणारा प्रोग्राम तुमच्याकडे नसेल, तर कित्येक आठवडे पत्ता लागत नाही.

म्हणून शोधताना मूळ संख्येबरोबर तिची भावंडंही शोधा: एक कमी, एक जास्त, खणाच्या रुंदीने गुणलेली, हेक्समधली, आणि सुरुवातीच्या हाताने लिहिलेल्या नोंदी वजा केलेली.

तिसरी पायरी: दोन्ही बाजू बाइटमध्ये मोजा

खणांच्या संख्येची तुलना करू नका, बाइटांची करा. कारण खणाची रुंदी दोन्हीकडे वेगळी समजली गेली असण्याची शक्यता तितकीच असते.

ग्नू असेंब्लरमध्ये ‘.वर्ड’ एक्स८६वर दोन बाइटांचा आणि आर्म किंवा रिस्क-फाइव्हवर चार बाइटांचा. ‘.लाँग’ चार बाइटांचा, पण ६४ बिट लिनक्सवर सी भाषेतला ‘लाँग’ आठ बाइटांचा. नाव एक, माप वेगळं. आठ बाइट हवे असतील तर ‘.क्वाड’ लिहा. ‘.फिल ५१२’ एवढंच लिहिलं तर ५१२ बाइट मिळतात, ५१२ नोंदी नव्हे, कारण रुंदी न दिल्यास ती एक धरली जाते. ‘.अलाइन’चं तर विचारूच नका: एक्स८६ एल्फवर ‘.अलाइन ४’ म्हणजे चार बाइटांची सीमा, आर्मवर तेच सोळा बाइटांची, कारण तिथे तो दोनाचा घात असतो. मी हा शब्द वापरणंच सोडून दिलं आहे. ‘.बीअलाइन’ किंवा ‘.पी२अलाइन’ लिहिलं की सगळीकडे एकच अर्थ.

सीच्या बाजूला स्ट्रक्चरमधली भरतीची जागा विसरू नका. ६४ बिट लिनक्सवर एक ‘कॅर’ आणि एक ६४ बिटांचा पूर्णांक मिळून नऊ बाइट होत नाहीत, सोळा होतात.

प्रत्यक्ष मोजण्यासाठी बांधलेल्या कर्नलवर ‘एनएम’ (सिम्बॉलची यादी दाखवणारं साधन) चालवा, आकार दाखवण्याचा आणि पत्त्यांनुसार लावण्याचा पर्याय देऊन. सीमधल्या अ‍ॅरेपुढे आकार दिसेल. असेंब्लीतल्या नावापुढे बहुतेक वेळा दिसणार नाही, कारण ‘.साइझ’ लिहिल्याशिवाय असेंब्लर आकार नोंदवत नाही. मग त्याच्या पुढच्या सिम्बॉलचा पत्ता वजा करून अंतर काढा. सी त्याला किती मोठा समजते ते जीडीबी या डीबगरमध्ये ‘साइझऑफ’ विचारून कळतं. दोन आकडे शेजारी लिहा. फरक दिसला की अर्धं काम झालं.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. शून्याव्या खणाचं सगळं ठीक आणि पहिल्यापासून पुढे सगळं बिघडलेलं, तर खणाची रुंदी चुकली आहे. सुरुवातीचे सगळे खण ठीक आणि शेवटचे काही बिघडलेले, किंवा शेजारचंच एखादं निष्पाप व्हेरिएबल बदललेलं, तर संख्या चुकली आहे. पहिल्याच वाचनाला भलत्या पत्त्यावर गेलात, तर अ‍ॅरेच्या जागी पॉइंटर जाहीर झाला आहे.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घ्या. लिनक्स ०.११मध्ये पीजी_डिर मेमरीच्या शून्य पत्त्यावर आहे. सीमध्ये तो १०२४ खणांचा अ‍ॅरे म्हणून जाहीर आहे, ते बरोबर. तो कोणी ‘लाँग’चा पॉइंटर म्हणून जाहीर केला, तर कंपायलर त्या जागेतले पहिले चार बाइट वाचून त्यांनाच पत्ता समजेल. तिथे आहे पहिल्या पेज टेबलची नोंद, हेक्स १००७: पत्ता १०००, शेवटचे ७ हे ‘पान हजर आहे’ आणि परवानग्या सांगणारे बिट. आता तुमचा ‘तक्ता’ पहिल्या पेज टेबलच्या पोटात काही बाइट आत सुरू होतो. कंपायलर खूश, लिंकर खूश, प्रोसेसर थेट रीसेट. वेशीवरच्या कुठल्याही जागेसाठी, विशेषतः लिंकर स्क्रिप्टने दिलेल्या ‘एंड’सारख्या नावांसाठी, रिकाम्या चौकटी कंसाचा अ‍ॅरे वापरा. पॉइंटर कधीच नाही.

चौथी पायरी: एकच मालक, बाकी सगळे विचारणारे

दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी दोन फाइलींत राहणारी संख्या. दोघांनाही वाटतं दुसऱ्याने सांभाळली असेल. दुरुस्तीचे मार्ग तीन, आणि मी ते याच क्रमाने आजमावतो.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे संख्या वाटून घ्यायचीच नाही. लिनक्स ०.११मध्येच याचा नमुना आहे. सुरुवातीचा स्टॅक सीमध्ये ‘युझर_स्टॅक’ नावाचा अ‍ॅरे आहे, पण असेंब्लीला त्याची लांबी माहीत नाही. सीने ‘स्टॅक_स्टार्ट’ नावाच्या छोट्या स्ट्रक्चरमध्ये अ‍ॅरेच्या शेवटाचा पत्ता भरून ठेवला आहे आणि ‘हेड.एस’ तो उचलते. उद्या अ‍ॅरे दुप्पट करा, असेंब्लीत एक अक्षर बदलावं लागणार नाही.

सिस्टम कॉलच्या ७२चंही पुढच्या ०.१२ आवृत्तीत हेच झालं. ‘सिस.एच’मध्ये तक्त्याच्या खाली एक पूर्णांक आला, एनआर_सिसकॉल्स, ज्याची किंमत तक्त्याचा आकार भागिले एका नोंदीचा आकार. असेंब्लीतला पक्का आकडा गेला. हा बदल स्वतः करत असाल तर दोन खड्डे सांभाळा. जुन्या ओळीत संख्येतून एक वजा करून ‘पेक्षा मोठा असेल तर’ अशी उडी होती. आता पूर्ण संख्या आणि ‘मोठा किंवा समान असेल तर’ अशी उडी हवी. उडी बदलायची राहिली, तर तक्त्याबाहेरचा एक क्रमांक आत शिरतो. दुसरा खड्डा डॉलर चिन्हाचा. एटी अँड टी पद्धतीच्या असेंब्लीत डॉलर म्हणजे थेट आकडा. आधी तो आकडाच होता, म्हणून डॉलर योग्य होता. आता ते मेमरीतलं व्हेरिएबल आहे. डॉलर तसाच राहिला, तर तुलना व्हेरिएबलच्या किमतीशी न होता त्याच्या पत्त्याशी होते. पत्ता चांगला लाखभर असू शकतो, म्हणजे तपासणी असून नसल्यासारखी. आणि चाचणी? ती मस्त पास होते, कारण ७२ आता चालतो.

असेंब्ली मालक असेल तेव्हा हीच युक्ती उलटी करा: तक्त्याच्या शेवटी आणखी एक लेबल टाका, ते ग्लोबल करा, आणि सीमध्ये शेवट वजा सुरुवात असा हिशोब करा.

पण काही वेळा संख्या कंपाइलच्या वेळीच लागते. जीडीटीचा अ‍ॅरे जाहीर करायचा आहे, मर्यादा लिहायची आहे. तिथे दुसरा मार्ग: सामायिक हेडर. एक छोटी नवी फाइल करा, तिच्यात फक्त ‘डिफाइन’. जीडीटी_नोंदी २५६, हाताने लिहिलेल्या नोंदी ४, एनआर_टास्क्स (टास्कची कमाल संख्या) ६४. सीमध्ये ती जोडा, ‘हेड.एस’मध्येही जोडा. मग ‘.फिल’मध्ये २५२च्या जागी ‘जीडीटी_नोंदी उणे ४’ येतं आणि मर्यादेत ‘जीडीटी_नोंदी गुणिले ८ उणे १’.

इथे नवखे हमखास अडकतात. असेंब्ली फाइलचं एक्स्टेन्शन लहान लिपीतल्या एसचं असेल, तर जीसीसी तिला प्रीप्रोसेसरमधून नेत नाही आणि ‘डिफाइन’ तिला कळत नाही. मोठ्या लिपीतला एस करा, आणि मेकफाइलमधला नियम थेट असेंब्लरऐवजी जीसीसीला बोलावणारा करा. हेडरमध्ये स्ट्रक्चर किंवा टाइपडेफ असतील तर ते ‘असेंब्लर’ मॅक्रोच्या अटीआड ठेवा. असेंब्ली फाइल प्रीप्रोसेस करताना जीसीसी तो मॅक्रो स्वतःहून लावतो. आकड्यांच्या मागे सी पद्धतीची ‘यूएल’ शेपटी नको, ती असेंब्लरला पचत नाही. आजच्या लिनक्समध्ये त्यासाठी ‘_एसी’ नावाचा मॅक्रो आहे, जो सीमध्ये शेपटी जोडतो आणि असेंब्लीत गाळतो. आणि ‘इनम’ वापरू नका. प्रीप्रोसेसरला इनम दिसत नाही. असेंब्लर त्या नावाला बाहेरचा सिम्बॉल समजतो आणि तक्रार बहुतेक वेळा थेट लिंकच्या वेळी येते.

तिसरा मार्ग स्ट्रक्चरच्या आतल्या अंतरांसाठी, म्हणजे त्या ३३ गुणिले १६ साठी. ‘ऑफसेटऑफ’ आणि ‘साइझऑफ’ फक्त सी कंपायलरला येतात, प्रीप्रोसेसरला नाही. आजचं लिनक्स ‘एएसएम-ऑफसेट्स.सी’ नावाची एक फाइल बांधतं, पण ऑब्जेक्टपर्यंत नेत नाही, असेंब्ली मजकुरावरच थांबतं. त्या फाइलमधल्या इनलाइन असेंब्लीमुळे मजकुरात बाणाच्या खुणेच्या ओळी उमटतात, त्यात नाव आणि कंपायलरने काढलेला आकडा असतो. ‘सेड’ हे मजकूर बदलणारं साधन त्या ओळी उचलून हेडर बनवतं. कोणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, छोटा प्रोग्राम चालवून आकडे छापून घ्या की. पण कर्नल आर्मचं आणि तुमचा लॅपटॉप एक्स८६चा असेल, तर तो प्रोग्राम तुमच्याकडे चालणारच नाही; आणि तुमच्या लॅपटॉपसाठी बांधून चालवलात, तर आकडे लॅपटॉपचे येतील. ही युक्ती काहीच चालवत नाही, म्हणून क्रॉस कंपायलरबरोबरही बरोबर आकडे देते.

पाचवी पायरी: पुन्हा बिघडलं तर बिल्डच मोडू द्या

लिनक्स ०.११मध्ये प्रत्येक टास्कला जीडीटीत दोन नोंदी लागतात, आणि पहिल्या चार आधीच गेलेल्या. म्हणजे चार अधिक दोन गुणिले टास्कची संख्या. ६४ टास्कना १३२ नोंदी, भरपूर जागा आहे. १२६ टास्कना बरोब्बर २५६. आता कोणी हौसेने एनआर_टास्क्स १२८ केलं, तर ‘स्केड_इनिट’मधला लूप (शून्यापासून मोजून) २५९व्या नोंदीपर्यंत शून्य लिहीत जातो. अ‍ॅरेबाहेर चार नोंदी, ३२ बाइट. ‘हेड.एस’ सगळी टेक्स्ट सेक्शनमध्येच आहे आणि जीडीटी तिच्या शेवटी, त्यामुळे ती शून्यं लिंकरने मागे ठेवलेल्या पुढच्या ऑब्जेक्ट फाइलच्या कोडवर पडतात. (१२८ तसंही चालणार नाही, प्रत्येक टास्कला ६४ मेगाबाइटची पत्त्यांची जागा असल्याने ६४ टास्कमध्येच चार गिगाबाइट संपतात. पण ते कळायच्या आतच कर्नल कोसळलेलं असेल.)

सामायिक हेडर असेल तर हे एका अटीत अडवता येतं: चार अधिक दोन गुणिले एनआर_टास्क्स हे जीडीटी_नोंदीपेक्षा मोठं असेल तर ‘एरर’. ही अट प्रीप्रोसेसरची असल्याने सी आणि असेंब्ली दोन्हीकडे लागू पडते. फक्त सीचं प्रकरण असेल तर ‘स्टॅटिक असर्ट’, कर्नलमध्ये ‘बिल्ड_बग_ऑन’. असेंब्लीत ‘.इफ’ आणि ‘.एरर’. लिंकर स्क्रिप्टमध्ये ‘असर्ट’. एक्सव्ही६ची लिंकर स्क्रिप्ट ट्रॅम्पोलिनचा (युझर प्रोग्राम आणि कर्नल यांच्यात ये-जा करण्याचा) कोड एका पानाचा, म्हणजे हेक्स १००० बाइटांचाच आहे ना, हे अशाच असर्टने बघते.

खणाच्या रुंदीवर पहारा ठेवण्याची एक खरी गोष्ट २०१५ची आहे. एक्स८६ लिनक्स बूट होताना सुरुवातीच्या ३२ अपवादांसाठी असेंब्लीत ३२ छोटे तुकडे लिहिलेले असतात, आणि सी त्यांना नऊ-नऊ बाइटांच्या खणांचा अ‍ॅरे समजते. नऊ कसे? दोन बाइटांचा पुश, आणखी दोन बाइटांचा पुश, पाच बाइटांची उडी. सीच्या हेडरमध्ये चक्क ‘२+२+५’ लिहिलं होतं. पण उडी पाच बाइटांचीच का? जवळची उडी दोन बाइटांत मावते. ग्नू असेंब्लर ग्लोबल लेबलकडे जाणाऱ्या उडीला आखूड करत नव्हता, एवढ्या योगायोगावर सगळं उभं होतं. उद्या असेंब्लर हुशार झाला, तर काही खण सहा बाइटांचे होणार आणि सी नऊच्या ढांगांनी चालत राहणार. दुरुस्तीत रुंदीला नाव मिळालं, ते नाव दोन्हीकडे वापरलं गेलं, आणि प्रत्येक तुकड्यानंतर उरलेली जागा ‘.फिल’ने भरली जाऊ लागली. तुकडा खणापेक्षा मोठा झाला तर ‘.फिल’ची संख्या उणे होते आणि असेंब्लर इशारा देतो. आता त्या खणात आणखी चार बाइटांची सूचना बसू शकते, तेव्हा रुंदी नावाच्या जागीच नऊवरून तेरा होते. सी आपोआप जुळते.

तपासताना कंजूषपणा नको

एक्सव्ही६च्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीवर हा प्रयोग करून बघाच, दहा मिनिटांचा आहे. ‘स्टार्ट.सी’मध्ये ‘स्टॅक०’ हा अ‍ॅरे ४०९६ गुणिले एनसीपीयू बाइटांचा आहे; एनसीपीयू, म्हणजे प्रोसेसरची कमाल संख्या, ८. ‘एंट्री.एस’मध्ये प्रत्येक प्रोसेसर आपल्या क्रमांकात एक मिळवून ‘१०२४*४’ने गुणतो आणि तिथे स्टॅक पॉइंटर ठेवतो. ४०९६चा आणखी एक वेष. स्टॅक कमी पडतो म्हणून फक्त सीमधला आकडा दुप्पट केलात, तर काही मोडत नाही आणि काही मिळतही नाही, कारण असेंब्ली प्रत्येकाला ४०९६च देते.

आता उलट करा: फक्त असेंब्लीतला दुप्पट करा. कर्नल छान बूट होतं! कारण मेकफाइलमध्ये प्रोसेसरची संख्या तीन आहे. तिसऱ्याचा स्टॅक २४५७६व्या बाइटवर सुरू होतो आणि अ‍ॅरे ३२७६८चा, म्हणजे सगळं आत. क्यूईमू हा एम्युलेटर आठ प्रोसेसरने चालवा. चौथ्याचा स्टॅक नेमका काठावर, पाचव्यापासून पुढचे सगळे अ‍ॅरेबाहेर, शेजारच्या व्हेरिएबलवर. म्हणून तपासणी नेहमी कमाल आकड्यावर करायची: सगळे प्रोसेसर, शेवटचा सिस्टम कॉल, शेवटचा खण. आणि एकाच्या पुढचाही, तो नाकारला जातो ना हे बघायला. शंका असेल तर अ‍ॅरेच्या मागे ओळखू येईल असा नमुना भरून ठेवा, हेक्स एए चालतो, आणि काम झाल्यावर तो शाबूत आहे का ते जीडीबीत पाहा.

आणि अ‍ॅरे सीमध्ये खऱ्यापेक्षा लहान जाहीर करणंही सुरक्षित नाही. कंपायलर तो आकार खरा मानतो. पुढच्या खणाला हात लावणारा लूप तो आपल्या समजुतीने बदलू शकतो, आणि आजच्या लिनक्समध्ये फोर्टिफाय किंवा यूबीसॅन (अ‍ॅरेच्या मर्यादा तपासणाऱ्या सोयी) चालू असेल तर विनाकारण धोक्याची घंटा वाजते. खरा आकार माहीत असेल तर तो लिहा, नसेल तर कंस रिकामा ठेवा. अंदाजे आकडा टाकू नका.

बदल पाठवताना तो दोन कमिटमध्ये तोडा. पहिल्यात फक्त आकड्यांच्या जागी नावं येऊ द्या, किंमत जुनीच. मग आधीचं आणि नंतरचं कर्नल डीबग माहिती काढून टाकून ‘सीएमपी’ने (दोन फाइली बाइटागणिक ताडणारं साधन) ताडून बघा: एकही बाइट बदललेला नसावा. बदलला असेल, तर कुठल्यातरी वेषाचा हिशोब चुकला आहे आणि कुठल्या पत्त्यावर चुकला तेही तिथेच कळतं. हे जुळलं की दुसऱ्या कमिटमध्ये खरी किंमत बदला. ती आता एका ओळीची असेल.